बोट उचलल्यानंतर

क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मुरलेल्या माणसाची पेटी उघडली, तर रीडांची डबी, सांध्यांच्या बुचाला चोळायचं ग्रीस आणि आतली ओल पुसायचं फडकं यांच्या जोडीला एखाददुसरा रबर बँड हमखास निघतो. कोथिंबिरीच्या जुडीला असतो तसलाच. वर्षानुवर्षं त्याची आठवणही होत नाही. पण ऐन कार्यक्रमात वाद्याची एखादी चावी लुळी पडते, घट्ट मिटून बसायची ती नुसतीच डुगडुगायला लागते, तेव्हा वादक हा रबर बँड चावीवरून घेऊन नळीभोवती गुंडाळतो. चावी पुन्हा मिटते आणि कार्यक्रम निभावून जातो.

तुटलेली असते ती एक स्प्रिंग. स्प्रिंग म्हटलं की बॉलपेनातलं वेटोळं डोळ्यांसमोर येतं. ही तशी नसते. इंच-दीड इंच लांबीची, टोकाकडे निमुळती होत गेलेली, निळसर झाक असलेली ही पोलादाची सुई. एका क्लॅरिनेटवर अशा सुया आणि त्यांच्या चपट्या बहिणी मिळून दीडएक डझन तरी असतात. प्रेक्षकाला त्या दिसत नाहीत. वादकालाही त्या दिसतात त्या बहुधा वाद्य पुसताना बोटाच्या पेरात घुसल्यावरच.

बोटाला चावी दाबता येते, परत उचलता येत नाही. बोट तिला चिकटलेलं नसतं, नुसतं तिच्यावर टेकलेलं असतं. म्हणजे क्लॅरिनेटवरच्या प्रत्येक जलद तानेतलं निम्मं काम वादक करतो आणि निम्मं या सुया. वादक कितीही तयारीचा असला, तरी बोट उचलल्यानंतर चावी किती चपळाईने उठेल हे स्प्रिंगच ठरवते.

आपल्या बांबूच्या बासरीला चाव्या नसतात, सनईलाही नसतात. मग क्लॅरिनेटलाच हा लवाजमा कशाला? कारण त्याच्या नळीच्या स्वभावात आहे. बासरीवर मध्य सा धरून फुंक चढवली, तर स्वर तार सा वर जातो. एका सप्तकाची बोटं पाठ झाली, की पुढच्या सप्तकात बहुतेक तीच चालतात. क्लॅरिनेटची नळी आतून जवळजवळ एकसारख्या रुंदीची, आणि तोंडाकडचं टोक रीडमुळे बंद असल्यासारखं वागतं. अशा नळीत स्वर सप्तक ओलांडूनही थांबत नाही. मध्य सा वरून निघालेला थेट तार सप्तकातल्या प वर पोचतो. मधलं अंतर 19 अर्धस्वरांचं. ते सगळे स्वर पहिल्याच फेरीत भोकांमधून काढायचे, आणि त्यासाठी बोटं मिळतात नऊच, कारण उजवा अंगठा खालून वाद्याचं वजन पेलण्यात गुंतलेला असतो. आजच्या सर्वसाधारण क्लॅरिनेटवर 24 भोकं, 17 चाव्या आणि बोटांखालच्या भोकांना वेढणारी 6 कडी असतात. नऊ बोटांनी चोवीस भोकं सांभाळायची, तर कुणीतरी मध्ये दलाली करावीच लागते. ती दलाली चाव्या करतात.

या चाव्यांच्या दोन जाती आहेत. पहिली नेहमी मिटलेली. दाबली की उघडते. महाराष्ट्रात घरोघरी ओळखीची असलेली पेटी, म्हणजे हार्मोनियम, याच तत्त्वावर चालते. पट्टी दाबली की तिच्या मागचं झाकण उचलतं, हवेला वाट मिळते. सोडली की खालची तार पट्टीला जागेवर आणते आणि झाकण बसतं. दुसरी जात नेहमी उघडी. दाबली की भोक मिटतं. क्लॅरिनेटवर दोन्ही शेजारीशेजारी नांदतात, आणि दोघींच्या स्प्रिंगांची कामं अगदी वेगळी आहेत.

उघड्या चावीची स्प्रिंग हलकी चालते. भोक मिटवायला बोटाचा जोर असतोच. स्प्रिंगला नंतर चावी उचलायची तेवढी असते. मिटलेल्या चावीच्या मदतीला मात्र कोणीच नसतं. फेल्टवर तलम पातळ कातडी ताणलेलं तिचं पॅड भोकाच्या काठावर हवाबंद बसलं पाहिजे आणि ते स्प्रिंगच्या एकटीच्या जिवावर. आतून वादकाच्या फुंकेचा दाब, वर जलद वाजवताना बसणारे धक्के. स्प्रिंग जरा ढिली असली तरी पॅड केसभर उचलतं, आणि क्लॅरिनेटला केसभर फट पुरते. त्यातून ही फट वरच्या भागात असेल तर फारच वाईट, कारण तिच्या खालचे सगळे स्वर अडचणीत येतात. शिकाऊ मुलगा तासभर खालचा स्वर काढायचा प्रयत्न करतो, रीड बदलतो, ओठांची ठेवण बदलतो, शेवटी स्वतःलाच दोष देतो. आणि गुन्हेगार असते वीतभर वर बसलेली एक दमलेली स्प्रिंग.

मग सगळ्याच मिटलेल्या चाव्यांना जाडजूड स्प्रिंगा का लावू नयेत? कारण तो जोर शेवटी बोटालाच मोडावा लागतो. क्लॅरिनेटच्या गळ्याशी डाव्या तर्जनीखाली एक चावी आहे. ती दाबली की शेजारचीही उचलते, म्हणजे एका बोटाला एकाच वेळी दोन स्प्रिंगांशी झुंजावं लागतं. तेही बोट सरळ न उचलता, कुशीवर लोळवून. खाली उजव्या करंगळीची गत याहून बिकट. तळाचा स्वर काढायला ती एक चावी दाबते, तेव्हा कावळ्याच्या पंजासारखी एक धातूची पट्टी दुसरीही चावी सोबत ओढते. हाताचं सगळ्यात दुबळं बोट आणि समोर दोन स्प्रिंगा. म्हणून जाणकार कारागीर स्प्रिंगा लावताना आधी कोणतं बोट तिथे येणार हे पाहतो, आणि मग तार निवडतो.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिलेली नाही. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात 1700 च्या सुमारास योहान ख्रिस्तोफ डेनर याने शालुमो नावाच्या जुन्या वाद्यात सुधारणा करून क्लॅरिनेट घडवलं, असं मानलं जातं. त्याला चाव्या होत्या दोन. मोझार्टने 1791 मध्ये आपला मित्र अंतोन श्टाडलर याच्यासाठी क्लॅरिनेटचा प्रसिद्ध कंचेर्तो लिहिला, त्या काळातल्या नेहमीच्या क्लॅरिनेटवर पाच-सहा चाव्या असत. त्यांच्या स्प्रिंगा म्हणजे पितळेच्या पातळ जिभल्या. लाकडाची नळी कातताना जागोजागी फुगीर कडी ठेवत, त्यांत खाच पाडून चावी बसवत आणि आरपार खिळा घालत. चावी बागेतल्या सी-सॉसारखी खालीवर होई. तिच्या पोटाला लावलेली जिभली लाकडावर रेटून तिला परत ढकले. पितळ लवकर थकतं, लाकूड पावसाळ्यात फुगतं. पण चाव्या मोजक्याच होत्या, त्यामुळे कुरबुर भागून जाई.

चपटी स्प्रिंग आजही टिकून आहे, फक्त पितळेच्या जागी पोलाद किंवा कांसं आलं. लहान स्क्रूने ती चावीच्या पोटाला बसवतात आणि तिचं मोकळं टोक नळीवर घसरतं. डाव्या अंगठ्याखाली जी चावी उघडली की स्वर थेट वरच्या टप्प्यात उडी घेतो, तिला अशीच पट्टी असते. आखूड, आडव्या, सी-सॉसारख्या चाव्यांना ती उत्तम लागू पडते.

अडचण सुरू झाली ती चाव्या वाढल्या तेव्हा. इवान म्युलर या वादकाने 13 चाव्यांचं क्लॅरिनेट तयार केलं आणि 1812 मध्ये पॅरिसच्या संगीत विद्यालयाच्या समितीपुढे ठेवलं. त्याचं म्हणणं, या एका वाद्यावर कोणत्याही पट्टीतलं संगीत वाजवता येईल. तोवर वादकाला वेगवेगळ्या पट्टीची दोन-तीन क्लॅरिनेटं जवळ बाळगावी लागत. समितीने वाद्य नाकारलं. प्रत्येक पट्टीच्या क्लॅरिनेटचा आवाज वेगळा, तो रंग एका वाद्यात हरवेल, असं तिचं मत पडलं. समितीला हसणं सोपं आहे. पण आजचे वाद्यवृंदातले क्लॅरिनेटवादकही दोन पट्ट्यांची वाद्यं सोबत ठेवतात, तेव्हा तिचं अगदीच चुकलं होतं असं म्हणवत नाही. समितीचा निकाल काहीही असो, म्युलरचं वाद्य युरोपभर पसरलं. त्याची भरीव पॅडं आणि वाटीसारख्या चाव्या पुढच्या प्रत्येकाने उचलल्या.

खरी उलथापालथ आली पाश्चात्त्य बासरीकडून. म्युनिकचा थिओबाल्ड बोम हा सोनारकाम जाणणारा बासरीवादक. 1832 मध्ये त्याने कड्यांची बासरी केली. बोट भोक झाकतं, तेव्हा भोकाभोवतीचं कडंही दबतं. ते कडं एका लांब दांडीला जोडलेलं, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला वीतभर दूरचं झाकण. एका बोटात दोन कामं झाली. पॅरिसच्या संगीत विद्यालयात 1839 पासून क्लॅरिनेट शिकवणाऱ्या इयासिंत क्लोझे याला ही कल्पना क्लॅरिनेटवर हवी होती. त्याने वाद्यकार लुई-ऑग्युस्त ब्युफे याला गाठलं. दोघांनी मिळून जे वाद्य घडवलं त्याचं पेटंट 1844 मध्ये घेतलं गेलं. नाव होतं ‘हलत्या कड्यांचं क्लॅरिनेट’.

आज जगभरातली बहुतेक क्लॅरिनेटं याच घराण्यातली. गंमत अशी, की या रचनेला म्हणतात ‘बोम पद्धती’. बोमने ती घडवली नव्हती. क्लोझेचं नाव त्याने लिहिलेल्या शिकवणीच्या पुस्तकामुळे विद्यार्थ्यांच्या ओठी राहिलं. ज्याने हातात कानस घेऊन ते यंत्र चालवून दाखवलं, त्या ब्युफेचं नाव वाद्यांचे अभ्यासक सोडून फारसं कोणी घेत नाही. आणि जी एक वस्तू नसती तर कड्यांचं क्लॅरिनेट कागदावरच राहिलं असतं, ती त्याचीच मानली जाते: सुईची स्प्रिंग.

बोमच्या दांड्या नळीला समांतर धावतात. दोन्ही टोकांना धातूचे बुटके खांब, मध्ये पोकळ दांडी, तिच्यातून ओवलेली सळई. चावी आता सी-सॉसारखी डुलत नाही. दारासारखी बिजागरीवर फिरते. अशा चार-पाच दांड्या एकमेकींना खेटून बसलेल्या. त्यांच्या खाली चपटी पट्टी घुसवायला जागाच कुठे? ब्युफेने खांबालाच बारीक आरपार भोक पाडलं, त्यात सुईचं एक टोक घट्ट ठोकलं आणि बाकीची सुई दांडीच्या कडेने लांबवर जाऊ दिली. दांडीवर एक इवलासा आकडा. सुईचं टोक वाकवून त्या आकड्यात अडकवलं, की झालं. सुई सरळ व्हायला धडपडते आणि तसं करताना चावीला फिरवते. आकड्याच्या एका अंगाने अडकवली तर चावी उघडते, दुसऱ्या अंगाने अडकवली तर मिटते. एक सुई, दोन दिशा, आणि जागा काडीइतकीच.

ब्युफे घराणं नॉर्मंडीतल्या ला कुतुर-बुसे गावचं. पिढ्यानपिढ्या लाकूड कातून बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेटं करणारं हे गाव. आज तिथे त्या वाद्यांचं संग्रहालय आहे. त्या गावाची नजर लाकडावर बसलेली, आणि तिथल्या घराण्यातल्या माणसाचं मोठं काम मात्र पोलादाच्या तुकड्यात, याची मौज वाटते.

कडी आणि सुई यांची जोडी किती नाजूक असते, हे एका प्रसिद्ध सुरावटीत ऐकू येतं. 12 फेब्रुवारी 1924 रोजी न्यू यॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये जॉर्ज गर्श्विनची ‘रॅप्सडी इन ब्लू’ पहिल्यांदा वाजली. सुरुवातीलाच क्लॅरिनेट खालून वर आभाळात चढत जातं, स्वरांच्या पायऱ्या न दाखवता. गर्श्विनने सुटे स्वर लिहिले होते. ती लांबलचक मींड रॉस गॉर्मन या वादकाची करामत. ती घ्यायला तोंड आणि घसा तयार लागतात, आणि बोटं भोकांवरून एकदम न उचलता हळूहळू सरकवावी लागतात. बोट सरकतं तसतसं कडं त्याच्या मागोमाग उठतं. सुई तिथे झटका देणारी असली, तर कडं टपकन उडतं आणि मिंडेला खळगा पडतो.

झटका न देणारी सुई कशी करायची, याचं उत्तर रॉबर्ट हूकने दिलेल्या नियमात आहे. 1676 मध्ये त्याने आपला शोध अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला, म्हणजे श्रेय राखलं जाईल आणि गुपितही फुटणार नाही. दोन वर्षांनी त्यानेच कोडं उलगडलं: जेवढा ताण, तेवढा जोर. स्प्रिंग दुप्पट वाकवली तर ती दुप्पट जोराने उलटते. आता क्लॅरिनेटची चावी फिरते ती जेमतेम दोन-चार मिलिमीटर. सुई आकड्यात अडकवण्याआधीच बरीच वाकवून ठेवली असेल, तर त्या दोन-चार मिलिमीटरने तिच्या जोरात फारसा फरक पडत नाही. बोटाला चावी वरपासून खालपर्यंत एकसारखी लागते. उलट जाड, आखूड सुई जेमतेमच वाकवून लावली, तर सुरुवातीला चावी पोकळ वाटते आणि तळाशी पोचेपर्यंत दगड होते. जोर दोन्हींचा सारखा असला, तरी हाताला एक रेशीम लागते आणि दुसरी हँडपंप.

जाडीचा हिशेब तर चकित करणारा आहे. गोल तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार दहा टक्के जाड घेतली, की ताठपणा जवळजवळ 46 टक्के वाढतो. दुप्पट जाड घेतली तर सोळापट. लांबीचं उलटं आणि तिसऱ्या घाताने: तार दहा टक्के आखूड झाली, तर ती सदतीस टक्के ताठ. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांच्या खणात सुयांच्या डब्या असतात त्या मिलिमीटरच्या बारीक बारीक अंशांनी वेगवेगळ्या. डोळ्याला सारख्याच दिसणाऱ्या दोन सुया बोटाला सख्ख्या वैरिणी वाटू शकतात.

आता त्या निळ्या रंगाविषयी. तो मुलामा नव्हे. गावातला लोहार विळ्याला पाणी देतो, तेव्हा लालभडक पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करतो. असं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं. वाकवायला गेलं तर कटकन तुटतं. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ताठा उतरवतात. तापत जाताना घासलेल्या पोलादावर आधी पेंढ्यासारखा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा, आणि 300 अंश सेल्सियसच्या आसपास गर्द निळा. पृष्ठभागावर धरलेल्या ऑक्साइडच्या अतिपातळ थराचा हा खेळ. थर्मामीटर नव्हते तेव्हा हा रंगच कारागिराचा थर्मामीटर होता: निळा दिसला की स्प्रिंग तयार, घड्याळाचीही आणि वाद्याचीही. आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकलेला बरा. कडक केल्याने सुई जास्त जोर लावत नाही. तेवढीच जाडी आणि लांबी असली, तर मऊ पोलाद आणि कडक पोलाद थोडं वाकवल्यावर सारखाच जोर लावतात. फरक पडतो तो पुढे: मऊ पोलाद वाकलेलंच राहतं, निळं पोलाद हजारो वेळा परत येतं.

निळ्या पोलादाचा वैरी म्हणजे पाणी, आणि क्लॅरिनेट हे पाण्याचंच वाद्य म्हणावं लागेल. श्वासातली वाफ नळीत थंड होऊन थेंबथेंब उतरते, भोकांतून पाझरते. बोटांचा घाम वरून येतो. सुई जिथे खांबात शिरते, नेमकी तिथे ही ओल साचते. वाकताना सगळ्यात जास्त ताण पडतो तोही तिथेच. गंजाचा एक खड्डा पडला, की प्रत्येक स्वरागणिक तो थोडा खोल होत जातो आणि एका रात्री सुई मुळातून जाते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात पोलादाचं काय होतं, ते शिवणाच्या डब्यातल्या सुया पाहणाऱ्याला सांगायला नको. आणि क्लॅरिनेटची ऐन धावपळ याच ओल्या दिवसांत. पुण्यातल्या गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत बँडपथकं तासन्‌तास उभ्याने वाजवतात, पाऊस कधी येईल याचा नेम नसतो. एके काळी मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरिनेटवर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी वाजत. आता सर्वसामान्य माणसाला हे वाद्य भेटतं ते वरातीत आणि मिरवणुकीत, म्हणजे धूळ, घाम आणि पाणी यांच्या मधोमध.

गंजावर तोडगे निघालेले आहेत. फॉस्फर ब्राँझ, म्हणजे फॉस्फरस घातलेलं कांसं, गंजत नाही. ते पोलादाच्या निम्म्याहून थोडंच अधिक ताठ असतं. पण चौथ्या घाताची कृपा अशी, की तार सोळाएक टक्के जाड घेतली की भरपाई होते. स्टेनलेस स्टीलच्या सुया आहेत. काही उंची पाश्चात्त्य बासऱ्यांना तर सोन्याच्या मिश्रधातूच्या सुया लावतात, कारण सोन्याला घामाचं काही वाटत नाही. एवढे पर्याय असूनही कित्येक वादक निळ्या पोलादावरच अडून बसतात. त्याची उसळी जिवंत लागते, असं ते सांगतात. तपासून पाहिलं तर त्यातला बराचसा भाग तारेच्या जाडीचा आणि कारागिराच्या हाताचा निघेल असा संशय येतो, पण वादकाच्या बोटाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

सुई तुटली की दुरुस्तीतला सगळ्यात वैतागवाणा भाग पहिलाच असतो: खांबात अडकलेला तुकडा काढणं. बसवताना सुईचं मागचं टोक हातोडीने चपटं करून पाचरीसारखं ठोकलेलं असतं, त्यामुळे ते जिकडून आत गेलं तिकडेच परत निघतं. तुकडा बाहेर डोकावत असेल तर पकडीने रेटता येतो. भोकाशी सपाट तुटला असेल तर बारीक पंचाने ठोकावा लागतो, आणि खांब तर लाकडात नुसता आटे पाडून बसवलेला. जोर चुकला तर लाकूड तडकतं. हे लाकूड म्हणजे बहुधा आफ्रिकन ब्लॅकवुड, टांझानिया आणि मोझांबिकमधून येणारं, पाण्यात बुडेल इतकं जड. चाव्यांचा धातू जर्मन सिल्व्हर: नावात चांदी, अंगात तांबं, निकेल आणि जस्त.

मग योग्य जाडीची नवी सुई. तिचं मागचं टोक तेवढं तापवून मऊ करायचं, ऐरणीवर चपटं करायचं, सुई भोकातून ओवून पकडीने आत ओढायची, आकड्यापलीकडे जराशी उरेल एवढी ठेवून बाकीची तोडायची. जुन्या काळी हाताशी तयार सुई नसेल, तर कारागीर शिवणाची सुईच वापरत. ती पोलादाचीच, निमुळती, आणि कोणत्याही दुकानात मिळणारी. सुई आकड्यातून काढायला-घालायला एक खास अवजार असतं, टोकाला खाच आणि वाकडी चोच असलेलं. ते सापडलं नाही तर क्रोशाची सुई चालते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या स्प्रिंग धडधाकट असताना. चावी मंद उठते म्हटल्यावर नवखा माणूस सुई आणखी वाकवून जोर वाढवतो. चावी उठू लागते, वादक खूश होतो. महिन्याभरात बोट दुखायला लागतं. अनुभवी कारागीर तसं करत नाही. तो आधी सुई आकड्यातून सोडवतो आणि वाद्य हातात धरून तिरकं करतो. मोकळी झालेली चावी स्वतःच्या वजनाने अलगद कलंडली पाहिजे. कलंडली नाही, तर दांडीत वाळलेलं तेल आहे, सळई वाकली आहे किंवा ओलीने फुगलेल्या लाकडाने खांब सरकवले आहेत. तो स्क्रू काढतो, सळई बाहेर ओढून पुसतो, तेलाचा एक थेंब सोडतो, पुन्हा ओवतो आणि वाद्य पुन्हा तिरकं करतो. चावी आपोआप पडली, की मगच क्रोशाची सुई घेऊन तीच जुनी स्प्रिंग आकड्यात परत अडकवतो.